‘घरात कोणी पोरे नाहीत का?’

आज सकाळी बेळगावातल्या एका बँकेच्या काउंटरवरून आमच्या आत्तीला परत पाठवण्यात आले. केवायसीची मुदत संपत आली होती, सगळी कागदपत्रे तिच्या पिशवीत होती, तरी काचेपलीकडच्या तरुणाने मान वर न करता सांगितले, "ॲपवरून करा आजी, अगदी सोपे आहे. घरात कोणी पोरे नाहीत का?" घरात पोरे आहेत, मी शेजारीच उभा होतो. त्या क्षणी मी काही बोललो नाही, पण दुपारभर आत्तीच्या शेजारी बसून ते सोपे काम पाहिल्यावर आता राहवत नाही.

ॲपने आधी जन्मतारीख मागितली. ती टाइप करता येत नाही. कॅलेंडर उघडते, तेही चालू महिन्याचे, आणि मागे जायला एक बारीकसा बाण असतो. सत्तरी ओलांडलेल्या माणसाने तो बाण दाबत आपल्या जन्मापर्यंत जायचे म्हटले तर ८४० पेक्षा जास्त वेळा दाबावा लागेल. वर लिहिलेल्या सालावर बोट ठेवले की सालांची यादी उघडते, पण तसे सुचवणारी एक खूणही तिथे नाही. आत्ती निमूटपणे एकेक महिना मागे सारत बसली होती. शेवटी मीच साल काढून दिले. मग ओटीपी आला, अर्थात त्याच फोनवर. तो पाहायला ती मेसेजमध्ये गेली, सहा आकडे पुटपुटत परत आली, तर भरलेला सगळा फॉर्म कोरा आणि लाल अक्षरांत ‘इन्व्हॅलिड रिक्वेस्ट’. मी ते वाचून दाखवले तेव्हा ती घाबरून म्हणाली, "माझे पैसे तर नाही ना रे गेले?"

फॉर्म भरायची वेळ संपली होती, एवढेच. सुरक्षेसाठी वेळेची मर्यादा लागते, हे मान्य. पण वेळ संपण्याआधी माणसाला सूचना द्यावी आणि ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत, हे वेबसाइटच्या सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत २००८ पासून लिहिलेले आहे. हे काही नवे शास्त्र नाही. ते न पाळणाऱ्याला कोणी विचारत नाही आणि अडाणी मात्र आत्ती ठरते.

ही अडाणी बाई कोण, तेही सांगतो. बेळगावातल्याच वडगावात तिने उभा जन्म मागावर साड्या विणण्यात घालवला. यंत्रमागावर आडवा धागा तुटला की माग जागच्या जागी थांबतो. विणणाऱ्याने धागा जोडायचा आणि पुढे चालू करायचे. तोवर विणलेले कापड माग कधी गिळून टाकत नाही. संगणक आणि वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९४ मध्ये वापरसुलभतेचे जे दहा निकष मांडले, त्यांतही आत काय चालले आहे ते वापरणाऱ्याला दिसावे, चूक साध्या शब्दांत सांगावी आणि सावरायची वाट दाखवावी, हेच आहे. आत्तीने निल्सनचे नाव ऐकलेले नाही, पण चांगले यंत्र कसे वागते हे तिला त्या ॲप बनवणाऱ्यांपेक्षा नक्कीच जास्त कळते.

भाषेचा विषय काढला की आपल्याकडे लगेच मोर्चे आठवतात, म्हणून थोडक्यात लिहितो. ॲपवर इंग्रजी आणि कन्नड आहे. आत्ती कन्नड फाडफाड बोलते, पण तिची शाळा मराठी, त्यामुळे वाचता येत नाही. म्हणून शेजारच्या अक्कांना बोलावले; त्या कन्नड शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. पडद्यावरचे कन्नड वाचून त्याही हसल्या आणि म्हणाल्या, "हे आमचे कन्नड नव्हे." म्हणजे निदान या बाबतीत दोन्ही भाषांच्या म्हाताऱ्यांना सारखाच न्याय मिळाला आहे.

यूपीआयचे कौतुक मात्र करावेच लागेल. गणपत गल्लीतल्या भाजीवाल्या मावशी आज पैसे जमा झाल्याचे कानाने ऐकतात आणि पिशवी पुढे करतात. पण मग ‘या लोकांना जमत नाही’ हे रडगाणे तरी बंद करा. नीट केलेले सगळ्यांना जमते. आणि हा केवळ सोयीचा प्रश्न उरलेला नाही. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीच्याच प्रकरणात, ज्यांना ओळख पटवण्यासाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावता येत नाहीत अशा माणसांच्या अर्जावर, डिजिटल सेवा वापरता येणे हा अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

एवढे होऊन संध्याकाळी त्याच ॲपने आत्तीला विचारले, ‘आमचा अनुभव कसा वाटला? पाच तारे द्या.’ काम झालेले नव्हते, तारे मात्र हवे होते.

चिडून लिहायला बसलो होतो खरा, पण ही ॲपे बनवणारी पोरेही आपलीच आहेत. बेळगावात शिकून पुण्याला आणि बेंगळूरला गेलेली कितीतरी जण माझ्या इथल्या मित्रयादीत आहेत, आणि त्यांनी मुद्दाम कोणाला छळायचे ठरवलेले नाही, हे मला कळते. त्यांनी फक्त कधी पाहिलेले नसते. पाच माणसांना वापरायला देऊन बघितले तरी बहुतेक अडचणी उघड्या पडतात, असे निल्सन यांनीच २००० मध्ये लिहिले आहे. ती पाच माणसे मी वडगाव-शहापुरातून गोळा करून देतो. गावी आलात की या, फोन त्यांच्या हातात द्या, काय करायचे ते एकदा सांगा आणि गप्प बसून बघा. ‘इथे दाबा’ असे एकदाही म्हणायचे नाही. ज्यांना जमेल त्यांनी इनबॉक्समध्ये कळवावे.