गादी घ्यायचीय, रॉकेट नाही!

कोल्हापूरच्या राजारामपुरीत गादीच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य ठरलेलं : 'साहेब, नासाची टेक्नॉलॉजी आहे!' अहो, असेल. 1966 मध्ये विमानाच्या सीटसाठी तो मेमरी फोम बनवला, मान्य. पण मला उजळाईवाडी विमानतळावरून विमान उडवायचं नाही, झोपायचंय!

मग तळहात दाबून पंजाचा ठसा दाखवणार. 'बघा, कसा हळूहळू वर येतोय!' येतोय की. मी काय पंजावर झोपतो? फोमची डेन्सिटी, म्हणजे घनता, किती विचारा. 'एकदम हाय!' अहो, घनमीटरला किती किलो ते सांगा. 'साहेब, ऑर्थो आहे.' दुकानात ऑर्थो नसलेलं एक स्टूल तेवढं दिसलं. सहा इंची गादीत मेमरी फोम किती? वरचा एक इंच! खाली साधा फोम, भाव मात्र सहाही इंचांचा.

'झोपून बघा की!' कुठं? प्लास्टिक न काढलेल्या गादीवर, चपला कडेला काढून, गिऱ्हाइकं टकामका बघत असताना, दोन मिनिटं. हा फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो, दोन मिनिटांत कंबर काय निकाल देणार? आणि तीच ऊब तो धरून ठेवतो. मे महिन्यात काय करायचं? 'कूलिंग जेलवाली घ्या.' म्हणजे अजून पैसे!

वर मापाचा घोळ. आमचा पलंग सुतारानं केलेला, तो यांच्या क्वीनमध्ये बसत नाही न् किंगमध्येही. 'मापात करून देतो, पण परत घेणार नाही.' मग जाहिरातीतली ती 'शंभर रात्री झोपून बघा, नाही पटली तर परत'वाली ट्रायल कुणाच्या पलंगावर घ्यायची, तुमच्या?