‘जेम्स वेब आहे ना, मग जमिनीवर कशाला?’

एक युक्तिवाद सध्या बराच फिरतो आहे. हवा अवरक्त, म्हणजे तांबड्यापलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश अडवते, जो पोहोचतो तो आकाशाच्या स्वतःच्याच उजेडात बुडतो, आणि जेम्स वेब ही अवरक्त दुर्बीण अवकाशात गेल्यापासून तर प्रश्नच मिटला. मग डोंगरावरच्या अजस्र दुर्बिणींसाठी अवरक्त वर्णपटमापक, म्हणजे प्रकाश तरंगलांबीनुसार पसरवून मोजणारी उपकरणं, बनवत का बसायचं? शिवाय कॅमेऱ्यापुढे प्रिझम बसवायला इतकी वर्षं लागतातच कशी, असा टोमणाही सोबत असतो.

हवा अडवते हे अर्धंच खरं. १.४ आणि १.९ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) तरंगलांबीच्या आसपास पाण्याची वाफ दार जवळजवळ बंद करते. पण त्यांच्या आजूबाजूच्या १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनच्या खिडक्या चांगल्या सताड उघड्या आहेत. दुर्बिणी कोरड्या, उंच जागी नेतात त्या उगाच नाही: चिलीतलं पारानाल सुमारे २,६०० मीटरवर, हवाईतलं मौना केआ ४,२०० मीटरवर. यातल्या २.२ मायक्रॉनच्या खिडकीतूनच २०१८ मध्ये एस-२ हा तारा आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून सेकंदाला ७,६०० किलोमीटरहून अधिक वेगाने जाताना पाहिला गेला. पारानालवरच्या ‘सिन्फोनी’ वर्णपटमापकाने टिपलेल्या त्याच्या वर्णपटातल्या रेषांत गुरुत्वीय ताम्रसृती, म्हणजे गुरुत्वाकर्षणामुळे रेषांचं तांबड्याकडे सरकणं, सापडली. वाटेतल्या धुळीमुळे दृश्य प्रकाशात हा तारा दिसतच नाही.

आकाश चमकतं, हे मात्र शंभर टक्के मान्य. पण कसं चमकतं ते पाहायला हवं. जमिनीपासून ८५-९० किलोमीटरवरचे हायड्रॉक्सिल रेणू ठराविक, अगदी बारीक रेषांमध्ये उजेड देतात. विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळच्या तरंगलांब्या वेगळ्या ओळखण्याची ताकद, तीन-चार हजारांच्या वर नेली की या रेषा सुट्या होतात आणि त्यांच्यामधल्या फटीत काळोख मिळतो. अंधुक दीर्घिकेचा प्रकाश त्या फटींतून वाचायचा.

२.३ मायक्रॉनच्या पुढे दुखणं वेगळं. तिथे दुर्बीण आणि उपकरण स्वतःच्या उष्णतेनेच उजळतात. दुर्बीण काही गोठवता येत नाही, उपकरण येतं. म्हणून अख्खा वर्णपटमापक निर्वात टाकीत ठेवून द्रव नायट्रोजनच्या तापमानाच्या आसपास, म्हणजे ७७ केल्विनपर्यंत (उणे १९६ अंश सेल्सिअस) उतरवतात. आत मुख्य आरशाची छोटी प्रतिमा पाडून तिच्या कडेभोवती थंड पडदा बसवतात, म्हणजे आरशाबाहेरची ऊब आत शिरत नाही.

आता तो प्रिझमचा टोमणा. एक मीटर ॲल्युमिनियम खोलीच्या तापमानावरून ७७ केल्विनवर नेलं की सुमारे चार मिलिमीटर आखडतं, आणि इथे जुळणी मायक्रॉनमध्ये मोजायची असते. जोडणी उबेत करायची, काम थंडीत. भिंगाची काच आणि तिची धातूची चौकट वेगवेगळ्या मापाने आखडतात, म्हणून भिंग घट्ट आवळता येत नाही, स्प्रिंगांवर तोलून धरावं लागतं. आरसे आणि त्यांचा सांगाडा एकाच ॲल्युमिनियमचा करायचा, ही मला यातली सगळ्यात देखणी युक्ती वाटते: सगळं आखडतं, पण एकाच प्रमाणात, त्यामुळे आकृती बिघडत नाही. आणि एक स्क्रू चुकला? सगळं सावकाश गरम करा, उघडा, दुरुस्त करा, पुन्हा थंड करा. प्रत्येक चुकीला दिवसचे दिवस.

त्यात दुर्बीण मोठी तसं उपकरणही फुगतं, कारण हवेने थरथरवलेला ताऱ्याचा ठिपका आरशाच्या व्यासाबरोबर वाढतो. त्यावर ॲडाप्टिव्ह ऑप्टिक्सने, म्हणजे हवेची थरथर क्षणोक्षणी आरसा वाकवून भरून काढत, ठिपका आवळणं हा एक उपाय. ‘इग्रिन्स’ या अवरक्त वर्णपटमापकाने दुसरा घेतला: प्रकाश पसरवणारी ग्रेटिंग सिलिकॉनच्या ठोकळ्यावर कोरली आणि प्रकाश ठोकळ्याच्या आतून नेला. सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४, म्हणजे आत प्रकाशाची तरंगलांबी तितक्या पटीने आखूड होते; तेवढ्याच पटीने ग्रेटिंग लहान.

राहता राहिला जेम्स वेब. फार दूरच्या, फार अंधुक वस्तू आणि ५ मायक्रॉनच्या पुढचा बहुतेक प्रदेश त्याचाच. तिथे जमिनीवरून स्पर्धा करू नये. पण त्याच्या निअर-इन्फ्रारेड वर्णपटमापकाची विभेदनक्षमता जास्तीत जास्त २,७०० च्या आसपास, म्हणजे वेगातला फरक सेकंदाला साधारण ११० किलोमीटरपर्यंत सुटा होतो. पारानालच्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या ‘क्रायरिस’ या वर्णपटमापकाची क्षमता १ लाखाच्या घरात, म्हणजे ३ किलोमीटर. २०१४ मध्ये बीटा पिक्टोरिस-बी या ग्रहाच्या कार्बन मोनॉक्साइडच्या रेषा किती रुंदावल्या आहेत ते मोजून ग्रह सेकंदाला सुमारे २५ किलोमीटरने स्वतःभोवती फिरतो हे कळलं, ते याच उपकरणावर. तिथला दिवस जेमतेम आठ तासांचा. एवढी रुंदी २,७०० च्या क्षमतेत विरघळून गेली असती.

शिवाय ताऱ्याजवळून फिरणाऱ्या ग्रहाच्या रेषा तासागणिक सरकतात, पृथ्वीच्या हवेच्या रेषा जागच्या जागी राहतात. पुरेशा बारकाईने पाहिलं तर ‘आड येणारी’ हवा अशी सहज वेगळी काढता येते.

क्रायरिस २०१४ मध्ये दुर्बिणीवरून उतरवलं, नव्या रचनेने बांधलं आणि २०२१ पासून ते पुन्हा निरीक्षणांसाठी खुलं झालं. आता एका वेळी ते सुमारे दहापट तरंगलांबी टिपतं. जेम्स वेब १५ लाख किलोमीटरवर आहे. त्याचा वर्णपटमापक असा उतरवून आणता येणार नाही.