दिवा स्थिर दिसला की बटण दाबा

ऐरोलीच्या डीलिंग रूममध्ये, म्हणजे फोनवरून शेअरच्या ऑर्डरी घेणाऱ्या दलालाच्या खोलीत, रुजू झालात, अभिनंदन. टेबलावर दोन रिसीव्हर, चार स्पीकर आणि दिव्यांची रांग असलेलं जे धूड दिसतंय, ते टरेट. त्याला फोन म्हणू नका. इथे एकच लाइन बारा टेबलांवर असते आणि ती कोणाचीच नसते. ठाण्यात आमच्या चाळीत नळ होता तशी.

आधी दिवे शिकून घ्या. दिवा लुकलुकतोय म्हणजे फोन आलाय. उचलू नका. उरलेले अकरा जण आहेतच, आणि तेही तुमच्याकडेच बघत असतात. दिवा स्थिर झाला म्हणजे कोणीतरी बोलतंय. आता बटण दाबा. बोलणाऱ्या सहकाऱ्याने प्रायव्हसी लावली नसेल तर तुम्ही थेट संभाषणात शिरता, आपोआप कॉन्फरन्स होते. ओळख वगैरे देऊ नका, नुसता जोरात श्वास घ्या. ग्राहकाने "अजून कोणी आहे का लाइनवर?" असं विचारलं, की तेवढा रोखून धरा.

होल्डचं बटण सगळ्यात गुणी. "साहेब, एक मिनिट" म्हणा आणि निवांत चहाला जा. होल्डवरची लाइन बाराही टेबलांवर लुकलुकत राहते. शेजारचा उचलून म्हणतो, "बोला साहेब." साहेब तुम्हाला दिलेली ऑर्डर त्याला पहिल्यापासून सांगतात. तुम्ही चहाला जाण्याआधी ती टाकलेली असते, तो पुन्हा टाकतो. उलाढाल वाढवायला लोक उगाच सेमिनार भरवतात.

भाव मराठीतच सांगा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांत दहा रुपयांचं अंतर आहे, पण लाइन जरा खरखरली की ते उरत नाही. ऑर्डर परत वाचून दाखवण्याची वाईट सवय काही जुन्या डीलरांना आहे. ग्राहकाला तो अविश्वास वाटतो, टाळा. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' आणलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला. मीही हसलो. त्यानंतर एका दुपारी भलत्याच भावाला हजार शेअर घेऊन बसलो आणि मनोमन त्या पुस्तकाची माफी मागितली.

डाव्या कानाला घेणारा आणि उजव्या कानाला विकणारा असेल तर मध्ये निरोप्यासारखं राबू नका. दोघांना कॉन्फरन्समध्ये जोडून द्या. बाजार कसा चालतो हे त्यांना लगेच कळतं, आणि तुमची गरज किती आहे तेही.

आता राहिला हूट. ऐरोली ते आमचं फोर्टचं ऑफिस, कायम उघडी लाइन. रिंग नाही, नंबर नाही. बटण दाबून बोललं की तिकडच्या सगळ्या स्पीकरमधून आवाज येतो. बटण सतत दाबून बोट दुखतं म्हणून ते अडकवून ठेवायची सोय आहे. जरूर वापरा. मी वापरली होती. प्री-ओपन, म्हणजे बाजार उघडण्याआधीचं सत्र, चालू होतं, ९:१५ व्हायला तीनेक मिनिटं होती, फोर्टला सकाळचे भाव वाचून दाखवले आणि बटण तसंच राहिलं. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये, म्हणून बायकोने लँडलाइनवर गाठलं. विषय तिच्या आईचा. घोडबंदरचा वन बीएचके, त्यात पाहुणे आले की हॉलमध्ये झोपणारा माणूस ठरलेला आहे, हे मी तिला जरा खुलवून सांगितलं. पंख्याच्या आवाजासकट, कंबरेसकट.

बाजार उघडला. फोर्टकडून भाव येईना. मग स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला: "दादा, गादी जाड घ्या."

तुम्हाला वाटेल, चार दिवस हसतील आणि विसरतील. तसं होणार नाही. ग्राहकाने फोनवर ऑर्डर दिली तर तिचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून ठेवायचं, असं सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, २०१८ पासून दलालांना लावून दिलंय. आमच्याकडे तर सगळ्याच लाइन रेकॉर्ड होतात आणि महिन्याकाठी त्यातल्या काही तपासणीला निघतात. माझी निघाली. कंप्लायन्सच्या, म्हणजे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या, मॅडमनी तक्ता पाठवला, एकही रकाना रिकामा चालणार नाही म्हणाल्या. 'ग्राहकाचे नाव' इथे मी 'सासूबाई' लिहिलं. 'मुदत' या रकान्यात काय लिहावं, ते अजून ठरत नाहीये. घरी विचारायची सोय नाही.