मामाचा वन्समोर

रात्रीचे साडेबारा वाजलेत. मामा आत झोपलाय. सकाळी त्याच्या मोतीबिंदूची तपासणी आहे, सातला घरातून निघायचंय. तरी लिहायला बसलेय, कारण लिहिल्याशिवाय आज झोप लागायची नाही.

संध्याकाळी मामाला 'संगीत सौभद्र' नाटकाला घेऊन गेले होते. ज्यांना माझा मामा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. फोंडा तालुक्यातलं आमचं आजोळ. मामा आयुष्यभर फोंडा-मडगाव रस्त्यावर एका खाजगी बसवर कंडक्टर होता आणि वर्षातून एक रात्र श्रीकृष्ण होता. गावच्या जत्रेत, देवळासमोरच्या मांडवात, सलग बावीस वर्षं. आता ८१ वर्षांचा आहे. डोळ्यांसाठी माझ्याकडे आलाय. पेपरात जाहिरात दिसली तेव्हा मलाच उकळ्या फुटल्या. म्हटलं, मामा, चल, तुझं नाटक लागलंय. इस्त्रीचा शर्ट घालून तो चार वाजल्यापासून सोफ्यावर तयार होऊन बसला होता. प्रयोग साडेसातचा.

जाहिरातीत लिहिलं होतं, 'नव्या पिढीसाठी, फक्त दोन तासांत'. हे वाचूनच मी शहाणं व्हायला हवं होतं.

पडदा उघडायच्या आधी एक निवेदिका आली. मग प्रत्येक प्रवेशाच्या आधी येत राहिली. आता काय होणार, कोण कोणाचा कोण, सगळं समजावून. बलरामदादाने सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवलंय, पण तिचं मन अर्जुनावर आहे. अहो बाई, १८८२ सालापासून ठाऊक आहे हो! मग म्हणते, "आजच्या भाषेत सांगायचं तर श्रीकृष्ण म्हणजे आपला वेडिंग प्लॅनर!" लोक खदखदून हसले. मामाने माझ्या कानाशी येऊन विचारलं, "कितें म्हणली गो ती?" म्हटलं, कृष्ण लग्नं जमवणारा होता म्हणाली. त्यावर मामा म्हणतो, "मगे, तें खरेंच." म्हणजे चिडले होते ती मी एकटीच.

हे सगळं मी गिळलं असतं. खरंच. पण मग रुक्मिणीच्या महालातला प्रवेश आला.

'नच सुंदरी करू कोपा' कृष्ण झालेल्या मुलाने सुंदर सुरू केलं. तयारीचा गळा, शब्द स्वच्छ, उगाच पल्लेदार तानांची आतषबाजी नाही. मामा खुर्चीत पुढे सरकला. मग 'प्रिये पहा'. धृपद झालं, एक अंतरा झाला, तोही घाईत. आणि मामा उभा राहिला. गुडघ्यांची कुरकुर सोडून, पुढच्या खुर्चीची पाठ धरून उभा राहिला आणि त्याच्या त्या जुन्या, बसच्या दारातून 'मडगाव, मडगाव' ओरडणाऱ्या आवाजात म्हणाला, "वन्समोर!" म्हणजे तेच पद पुन्हा एकदा.

रंगमंचावर अंधार. पुढचा प्रवेश. निवेदिका.

पुढच्या रांगेतला एक गृहस्थ वळून म्हणाला, "आजोबा, रेकॉर्डिंग चालू आहे." मागे दोन पोरी फिस्सकन हसल्या. मामा खाली बसला आणि म्हणाला, "चुकलें म्हजें."

चुकलें म्हजें! कोणाचं काय चुकलं?

आणि मध्यंतरात काय झालं, ऐकायचंय? सत्कार. प्रायोजकांचा, प्रायोजकांच्या पत्नींचा, नाट्यगृहाला भेट द्यायला आलेल्या कुणा साहेबांचा. शाल, श्रीफळ, तुळशीचं रोप, चार शब्द. मी घड्याळ लावून मोजली, पंचवीस मिनिटं. पंचवीस मिनिटांत 'प्रिये पहा' तीनदा झालं असतं, अंतऱ्यांसकट! नव्या पिढीला त्या पदाचा देसकार राग ऐकायला वेळ नाही आणि साहेबांचे चार शब्द ऐकायला आहे?

आता १९८६ची गोष्ट सांगते. माझ्या घरच्यांनी ती शंभरदा ऐकलीय, त्यांनी खाली स्क्रोल करावं.

मी अकरा वर्षांची. डिसेंबरची जत्रा. पालखी देवळात परतेपर्यंत बारा वाजायचे, मग नाटक. आम्ही पोरं चटया टाकून सगळ्यात पुढे, बायकांच्या मांडीत झोपलेली लहानगी, मागे फुगेवाले, खाज्याची दुकानं. पायपेटीवर आमचे तालीममास्तर. सुभद्रा शेजारच्या गावचा एक सुतार, मिशी दरवर्षी जत्रेच्या आदल्या दिवशी उतरवायचा आणि त्याची बायको तीन आठवडे त्याच्याशी धड बोलायची नाही. गोव्यात नाटक म्हणजे गंमत नसते हं. आमच्या गावापासून थोड्याच अंतरावर मंगेशी, दीनानाथ मंगेशकरांचं आणि अभिषेकीबुवांचं गाव, त्यामुळे त्या सगळ्या टापूत नारळ पाडणारासुद्धा स्वतःला गाण्यातला जाणता समजतो. वन्समोर फुकट मिळत नाही. मिळाला की मात्र थांबत नाही.

त्या रात्री थांबतच नव्हता. 'वद जाऊ कुणाला शरण'ला तीन. नारदाच्या 'राधाधर'ला दोन, आणि त्या नारदाने एवढं लांबवलं की मी आणि माझी मावसबहीण दोघी झोपलो, हे कबूल करते. त्यामुळे नाटक मागे, मागे, मागे पडत गेलं. मला जाग आली तेव्हा मामा रुक्मिणीला म्हणत होता, प्रिये पहा, रात्रीचा समय सरुनि येत उषःकाल हा.

आणि खरंच उजाडत होतं.

मांडवाच्या कडेने आकाश राखाडी व्हायला लागलं होतं. माडांच्या झावळ्या एकेक करून दिसायला लागल्या. कुठल्यातरी घरचा कोंबडा आरवला, लोक हसले, मामाही गाता गाता हसला. मग आमच्या गावचा वायरमन, जो रात्रभर स्टेजच्या बाजूला बिड्या ओढत बसला होता, त्याने कोणी न सांगता हात पुढे करून स्टेजवरचे दिवे मालवले. मामा पहाटेच्या उजेडात गात होता. चेहऱ्यावरचा निळा रंग घामाने ओघळलेला, कागदाचा मुकुट एका बाजूला कललेला. माझी आजी डोळ्याला पदर लावून बसली होती, आणि माझी आजी रडणारी बाई नव्हती.

वन्समोर मिळाला. मामाने पुन्हा म्हटलं. पुन्हा मिळाला. तेव्हा मामाने हात जोडले आणि श्रीकृष्णाच्या वेषात जाहीर केलं, "पावणेसातची पयली बस म्हजी."

बस चुकवून कसं चालेल? उरलेलं नाटक पंधरा-वीस मिनिटांत आटोपलं. यतीवेषातला अर्जुन, बलरामाचा राग, लग्न, सगळं धावत. मामाने मुकुट तेवढा उतरवला, तोंडावर तांब्याभर पाणी मारलं आणि मानेवर निळा रंग तसाच ठेवून मडगावपर्यंत तिकिटं फाडली. पॅसेंजर म्हणे त्या दिवशी सुटे पैसे मागत नव्हते, अंतरा मागत होते.

हो, हो, कळलं. लिहिता लिहिताच लक्षात आलं. म्हणजे नाटक आम्हीही कापलंच की. मूळ सौभद्रात शंभरावर पदं आहेत, तेवढी आमच्या गावीही कधी कोणी म्हटली नाहीत. आणि आज चार तासांचा प्रयोग असता तर मामाच्या गुडघ्यांचं काय झालं असतं, हेही मला माहीत आहे. दोन तासांचं होतं म्हणूनच तर मी तिकिटं काढली! ठीक आहे. पण मामाने कापला तो शेवट. गाणं नाही कापलं. हा फरक ज्यांना दिसत नाही त्यांनी सौभद्र करू नये.

कारण सौभद्राला गोष्टीसाठी कोण जातं? सुभद्रा अर्जुनाची होणार हे सगळ्या थिएटरला ठाऊक असतं. अभिमन्यू जन्माला आलाय, महाभारत होऊन गेलंय! १८ नोव्हेंबर १८८२ला पुण्यात पहिले तीन अंक झाले तेव्हा बसलेल्या लोकांनासुद्धा ठाऊक होतं. बाकीचे दोन अंक यायला पुढचं साल उजाडलं, आणि लोक थांबले. ते काय दुर्योधनाशी लग्न होतंय की काय या काळजीने थांबले? ते भाऊराव कोल्हटकरांच्या सुभद्रेसाठी थांबले. बडोद्याच्या कचेरीत कारकुनी करणारा पोरगा, ज्याला सौभद्र लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी उचलून पुण्यात आणला. तो उभा राहून गायला लागला की गोष्ट जिथे आहे तिथे थांबत असणार. थांबायलाच पाहिजे. गोष्ट थांबणं हेच तर संगीत नाटक आहे.

आणि अण्णासाहेबांना हे बरोबर कळलं होतं. कीर्तनातली साकी-दिंडी घेतली, लावणीच्या चाली घेतल्या, बेळगावकडच्या गुर्लहोसूरचा माणूस म्हणून कानडी चाली घेतल्या, आणि द्वारकेच्या राजवाड्यात एक अस्सल मराठी घर बसवलं. तापट थोरला भाऊ, ज्याला कोणी उलट बोलत नाही. धाकटा, जो दादापुढे मान हलवतो आणि मागून स्वतःला हवं तेच करतो. रुसलेली वहिनी. आणि एक मुलगी, जिचं लग्न ठरवताना तिला कोणी विचारलेलं नाही. आमच्या गावच्या बायका 'वद जाऊ कुणाला शरण'ला ज्या पद्धतीने गप्प व्हायच्या ते मी पाहिलंय. मिशी उतरवलेला सुतार गात होता आणि त्यांना तो सुतार दिसत नव्हता. सौभद्र लिहून तीन वर्षांत, ४२व्या वर्षी अण्णासाहेब गेले. आणि नाटक अजून चालू आहे. बालगंधर्वांनी केलं, छोटा गंधर्वांनी केलं, जयमाला शिलेदारांनी केलं आणि बसच्या कंडक्टरने केलं.

छोटा गंधर्वांचं 'नच सुंदरी' रेडिओवर लागलं की मामा हातातला घास ताटात परत ठेवायचा. मामी म्हणायची, "रुक्मिणीचा राग काढताय, इकडे भात निवतोय."

माझी एक मैत्रीण (तिला टॅग करत नाही, तिला कळेल) म्हणते, तुम्हा लोकांमुळेच संगीत नाटक मेलं. तुम्ही वन्समोर मागत बसलात, नट गात बसले आणि नाटकाची मैफल झाली. थोडंफार खरं आहे. त्या राधाधरवाल्या नारदाला मी आजही माफ केलेलं नाही. पण मला सांगा, ज्या मुलांना तुम्ही दोन तासांवर बसवू शकत नाही म्हणता, तीच मुलं मैदानात भर उन्हात उभी राहून कुणाकुणाच्या गाण्यावर तासन् तास नाचतात की नाही? आपलं आवडतं गाणं पुन्हा लागावं म्हणून ओरडतात की नाही? मग वन्समोर म्हणजे दुसरं काय असतं? ती मागे हसलेली पोर एखाद्या कार्यक्रमात घसा बसेपर्यंत ओरडली असेल, आणि कोणी तिला 'रेकॉर्डिंग चालू आहे' म्हणालं नसेल.

आता जरा शांत झालेय. चहा केला. चहाने झोप जाणार ते वेगळंच.

खरं सांगायचं तर त्या पोरींचं काही चुकलं नाही. त्यांनी वन्समोर कधी पाहिलाच नसेल. त्यांना वाटलं म्हातारा भांबावलाय. आणि तो कृष्ण झालेला मुलगा, अंधार झाला तेव्हा मी नीट पाहत होते, तो क्षणभर थांबला होता. आवाज आला त्या दिशेला त्याने मान वळवली होती. त्याला मिळाला होता तो वन्समोर. घेऊ दिला नाही. कदाचित त्याच्या आयुष्यातला पहिला असेल.

रिक्षात बसल्यावर मी फुरफुरत होते. निवेदिका, सत्कार, रेकॉर्डिंगवाला, सगळ्यांचा उद्धार चालला होता. मामा बाहेर बघत होता, त्याला तसंही दिव्यांभोवती वलयंच दिसतात सध्या. बऱ्याच वेळाने म्हणाला, "गळो बरो आसा गो चेड्याचो."

म्हटलं, आहेच. पण गाऊ कुठे दिलं त्याला?

मामा पुन्हा गप्प. मग घराच्या वळणावर, उतरता उतरता म्हणाला, "येतलो काय गो तो आमच्या जात्रेक?"

तर माझ्या यादीत नाटकवाले बरेच आहात, म्हणून विचारतेय. आज कृष्णाचं काम केलेल्या त्या मुलाला कोणी ओळखत असेल तर मला इनबॉक्स करा. जत्रा डिसेंबरात आहे. मानधन मंडळाला झेपेल तेवढंच, पण जाण्यायेण्याचं भाडं मी देते, राहायला मामाचं घर आहे, मामी सोलकढी करते. नाटक पालखीनंतर सुरू होतं, बारा-साडेबाराला. पायपेटी आहे, वाजवणाराही आहे. निवेदन नाही. वायरमन आता नाही, पण त्याचा मुलगा दिवे बघतो, त्याला सगळं ठाऊक आहे.