चरबी जास्त जळते, म्हणून वेग वाढतो असं नाही

‘कर्बोदकं बंद करा, स्निग्ध पदार्थ वाढवा, लांब पल्ल्याला सायकल जोरात पळेल’ हा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. काही आठवड्यांत शरीर चरबी जास्त जाळू लागतं, हे मान्य. पण तेवढीच ऊर्जा कर्बोदकांऐवजी चरबीतून काढायला ऑक्सिजन जास्त लागतो. संथ, सपाट रस्त्यावर ते जाणवत नाही. चढावर मात्र धाप लागते, पाय जड होतात आणि पुढच्या सायकलस्वाराच्या मागे टिकता येत नाही. क्रीडा-आहारतज्ज्ञ लुईस बर्क यांच्या २०१७ च्या अभ्यासातही (तो वेगचालीच्या अव्वल खेळाडूंवर होता) चरबी भरपूर जळली, वेळ मात्र सुधारली नाही. त्यामुळे शर्यतीच्या तोंडावर हा प्रयोग कृपया करू नका. अडीच-तीन तासांच्या वर जोर लावायचा असेल, तर तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या.