सगळ्यांना पुरून उरणारा रिमोट

आमच्याकडे टीव्ही लावण्याची कृती आईने वहीत लिहून ठेवली आहे. उकडीच्या मोदकांची आहे त्याच वहीत, मागच्या बाजूने. "काळा मोठा रिमोट (१ नंबर) – वर डावीकडचं बटण. निळा दिवा येईपर्यंत थांबणे. मग पांढरा (२) – लाल बटण. पडदा उजळला की पुन्हा १ घेणे, 'सीबीएल' लिहिलेलं दाबणे. आवाज १ वरूनच. ३ ला आवाजासाठी हात लावू नये." रिमोटांच्या पाठीवर तिने चिकटपट्टीचे नंबर लावलेत. ३ नंबर सेट-टॉप बॉक्सचा. ४ नंबर ब्लू-रे प्लेयरचा. प्लेयर आम्ही लावत नाही, पण रिमोट टेबलावरच असतो, कारण काढून ठेवला तर सापडणार नाही आणि सापडला नाही की नेमका लागेल.

या सगळ्याच्या मुळाशी १ नंबर, म्हणजे होम थिएटरचा रिसीव्हर. ज्यांच्या घरात हे खूळ अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. टीव्ही सोडून बाकी सगळ्या खोक्यांच्या वायरी आधी याच्या पोटात जातात. चित्र तो टीव्हीकडे पाठवतो आणि आवाज पाच स्पीकर आणि एका वूफरला वाटून देतो. कोथरूडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये पाच स्पीकर बसवायचे म्हणजे मागचा डावा बाल्कनीच्या दारावर आणि मागचा उजवा देव्हाऱ्याच्या डोक्यावर. सिनेमात मागून हेलिकॉप्टर आलं की ते आधी देवाला ऐकू येतं, मग आम्हाला. हा रिसीव्हर मी शोरूममधला डिस्प्लेचा पीस म्हणून घेतला. खोकं नाही, पण सूट घसघशीत. ही सूट पुढे गोष्टीत येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

वास्तविक एचडीएमआयच्या वायरीतच एक सोय असते. सीईसी म्हणतात तिला. टीव्ही लावला की रिसीव्हरने आपोआप जागं व्हावं, एवढी साधी अपेक्षा. प्रत्येक कंपनीने तिला आपापलं नाव दिलंय. सॅमसंगची ॲनीनेट, एलजीची सिंपलिंक, सोनीची ब्राव्हिया सिंक. आमच्याकडे टीव्ही एका कंपनीचा, रिसीव्हर दुसऱ्या. ती सोय चालू केली तेव्हा टीव्ही लावला की रिसीव्हर उठायचा, पण उठल्या उठल्या ब्लू-रेवर जाऊन बसायचा. आणि बॉक्स तर या भानगडीत पडतच नाही. शेवटी ती सोय मी मेनूत जाऊन बंद केली आणि घरात शांतता झाली. शब्दशः.

म्हणून सगळ्या रिमोटांना मिळून एकच रिमोट. असले रिमोट काही कालचे नाहीत. ॲपलवाल्या स्टीव्ह वॉझनियाकने स्वतःची वेगळी कंपनी काढून १९८७ मध्येच एक बाजारात आणला होता, आणि ज्यांच्याकडे असायची त्यांना मिरवायला आवडायची ती लॉजिटेकची हार्मनी २०२१ मध्ये बंदही झाली. मी तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेलो. पासोड्या विठोबाजवळ जायचं तर रिक्षाने जावं, हे लहान मुलालाही कळतं. मी दुचाकी नेली. आज पार्किंग पी-वन की पी-टू, तारीख सम की विषम, याचा हिशोब करत दोन गल्ल्या पालथ्या घातल्या आणि शेवटी जिथे सगळ्यांनीच नियम मोडला होता तिथे माझीही लावली.

दुकान म्हणजे एक माणूस बसेल एवढी जागा आणि बाकी सगळे रिमोट. छतापासून पिशव्यांच्या माळा लोंबत होत्या.

"रिसीव्हरला चालेल असा पाहिजे. टीव्हीला, बॉक्सलापण."

"कोडवाला का लर्निंग?"

"दोन्ही असेल तर?"

"दोन्हीच आहे." त्याने वर न बघता हात वर करून एक पिशवी ओढली.

"आणि नाही चालला तर?"

"चालतो."

"पण समजा नाही चालला..."

"मग कोड चुकीचा टाकलात."

या युक्तिवादाला पुण्यात राहूनही माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे दिले.

रिमोटबरोबर एक घडीचा कागद येतो. त्यावर जगातल्या सगळ्या कंपन्या आणि त्यांचे चार आकडी कोड, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. सेटअपचं बटण दाबून धरायचं, वरचा लाल दिवा दोनदा लुकलुकला की सोडायचं, मग यंत्राचा प्रकार, मग कोड. दिवा पुन्हा दोनदा लुकलुकला तर कोड घेतला. एकदाच, पण लांबलचक पेटला तर नाही घेतला. घेतला म्हणजे चालेलच असं नाही. टीव्ही पहिल्या कोडला आला. रिसीव्हरच्या कंपनीपुढचे सगळे कोड टाकून झाले. निळा दिवा ढिम्म.

मग दुसरा मार्ग, 'शोध'. ९-९-१ दाबायचं आणि पॉवरचं बटण दाबत राहायचं. दर दाबण्यासरशी रिमोट यादीतला पुढचा कोड पाठवतो, आणि ज्या क्षणी रिसीव्हर बंद होईल त्या क्षणी थांबायचं. हे लिहिणाऱ्याने रिसीव्हर पाहिलेला नसावा. टीव्ही झटकन बंद होतो. रिसीव्हरला हुकूम मिळाला की तो आधी विचार करतो, मग आत कुठेतरी रिले 'खट्' वाजतो, आणि तेवढ्यात आपलं बोट तीन कोड पुढे गेलेलं असतं. आता मागे यायचं. मागे येताना कोणत्या कोडवर खट् झालं ते ऐकायचं. माझं सगळं लक्ष त्या खट्कडे, आणि स्वयंपाकघरात बायको मिक्सर लावत्ये.

"पाच मिनिटं मिक्सर थांबव गं!"

"चटणी करू नको का?"

"अगं, खट् ऐकू यायला हवं."

ती दारात आली, माझ्याकडे नीट पाहिलं आणि मिक्सर थांबवला. त्या पाहण्यात बरंच काही होतं.

सापडला एक कोड. पॉवर चालतं, आवाज चालतो. नाचायचाच बाकी होतो. आवाज भरपूर वाढवून बघितला आणि तपासायचं म्हणून म्यूट दाबलं. तर रिसीव्हरने एफएम ट्यूनर लावला. कोड कंपनीचाच होता, पण दुसऱ्या कुठल्या तरी मॉडेलचा, आणि त्या मॉडेलचं म्यूट ते आमचं ट्यूनर. ट्यूनरला आम्ही कधी एरियल जोडलेलं नाही. त्यामुळे पाचही स्पीकरमधून, देव्हाऱ्यावरच्यासकट, एकदम मोठी खरखर सुरू झाली. आतल्या खोलीतून आई ओरडली, "अरे, पाऊस आला! दोरीवरचे कपडे काढ आधी!" बायको खरंच बाल्कनीत धावली. कपडे घेऊन आत आली, तेव्हा बाहेर लख्ख ऊन होतं.

ही खरखर ऐकून खालचे काका वर आले. काका खडकीच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेत आणि कुणाच्याही घरी काही उघडलेलं असलं की त्यांना वास येतो. "कोड बिड नंतर. आधी रिमोट बोलतोय का ते बघू," म्हणाले, आणि मोबाइलचा सेल्फीवाला कॅमेरा लावून रिमोटचं टोक त्यासमोर धरलं. बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका लुकलुकत होता. नुसत्या डोळ्यांना काही नाही, कॅमेऱ्याला दिसतं. इन्फ्रारेड. साधारण ९४० नॅनोमीटर, आपल्या नजरेच्या पलीकडचा उजेड. काकांनी मग सोफ्यावर बसून चहाबरोबर सगळंच सांगितलं. हा उजेड सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेळा उघडझाप करतो. कंपनीप्रमाणे ३६, ४०, असं थोडं इकडेतिकडे. समोरचं यंत्र तेवढ्या वेगाची उघडझाप असेल तरच कान देतं, म्हणून खिडकीतल्या उन्हाने चॅनल बदलत नाही.

पहिल्या रिमोटांच्या काळी उन्हाने बदलायचे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ मध्ये फ्लॅशमॅटिक काढला, म्हणजे टीव्हीच्या कोपऱ्यांवर मारायची चक्क बॅटरी. सूर्य खिडकीत आला की टीव्ही आपल्या मनाने वागायचा. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर नावाच्या इंजिनिअरने अल्युमिनियमच्या दांड्यांवर आतल्या आत हातोडी आपटणारा रिमोट केला. दांड्यांचा आवाज माणसाला ऐकू न येणारा, आणि सेल अजिबात नाहीत. त्याला मात्र किल्ल्यांचा जुडगा वाजला तरी भुलायला व्हायचं. आमच्या लहानपणी हे काही नव्हतं. आमच्या घरातला रिमोट मीच होतो. "ऊठ, आवाज कमी कर" म्हटलं की कमी होत असे, आणि मुंग्या आल्या की गच्चीत जाऊन अँटेना सिंहगडाकडे वळवत असे. खालून बाबा ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!"

ते 'आलं, आलं' महत्त्वाचं, हे काकांच्या पुढच्या वाक्याने लक्षात आलं. "हा फक्त बोलतो," रिमोटवर टिचकी मारत ते म्हणाले, "ऐकत नाही. समोरच्याने ऐकलं का, केलं का, याला पत्ता नाही. बोलून मोकळा." म्हणजे इतके पैसे टाकून घेतलेला रिमोट आंधळेपणाने हुकूम सोडतो आणि झालं की नाही ते बघायला माणूस बसवावा लागतो. ही नोकरी कोणाकडे येणार, ते मला तेव्हाच दिसायला हवं होतं.

सेट-टॉप बॉक्सचा कोड यादीत नव्हताच. तो नव्या रिमोटला शिकवावा लागला. जेवणाच्या टेबलावर दोन रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, मधे दोन बोटं अंतर. नुकताच अंतरपाट दूर झाल्यासारखे ते एकमेकांकडे बघत होते. इकडचं बटण दाबायचं, तिकडचं दाबायचं, दिवा लुकलुकला की पुढचं. काकांनी हॉलमधली सीएफएल बंद करायला लावली, कारण तिच्या चोकची उघडझापही त्याच हजारांच्या घरात असते आणि रिमोट भलतंच शिकतो. अंधारात, मोबाइलच्या उजेडात, आम्ही दोघं बटणं शिकवत बसलो. काकूंनी खालून फोन करून विचारलं, दिवे गेलेत का.

रिसीव्हरचं कोडं शेवटी मुलीने सोडवलं. ती ऑफिसमधून आली, माहितीपुस्तकाची पीडीएफ उघडली, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "बाबा, याला आयडी असतो. वन आणि टू." शोरूममध्ये एकाच कंपनीचे दोन रिसीव्हर शेजारी शेजारी मांडलेले असले तर एका रिमोटने दोन्ही चालू होतील, म्हणून एकाला वन आणि दुसऱ्याला टू करून ठेवायची सोय. कागदावरचे कोड सगळे वनचे. आमचा, घसघशीत सूटवाला, टू. तिने मेनूत जाऊन वन केला आणि कागदावरचा पहिलाच कोड चालला. म्यूट म्हटलं की म्यूट. त्याच क्षणी आईचा १ नंबरचा रिमोट मात्र निकामी झाला, कारण तो बिचारा अजून टू मध्ये बोलत होता. त्यालाही कुठली दोन बटणं एकत्र दाबून वनवर आणायचं असतं, ते पुढच्या पानावर होतं.

आता उरला मॅक्रो. एकच बटण, 'टीव्ही पाहा'. दाबलं की रिमोटने ओळीने सगळ्यांना उठवायचं आणि जागेवर आणायचं. यात मेख अशी की बॉक्सला, आणि टीव्हीलाही, चालू व्हायचा वेगळा आणि बंद व्हायचा वेगळा हुकूमच नाही. दोन्हीला एकच. बंद असेल तर चालू होतो, चालू असेल तर बंद. रात्री कुणी बॉक्स तसाच सोडून झोपलं की सकाळी 'टीव्ही पाहा' म्हटल्यावर टीव्ही उठतो, रिसीव्हर उठतो आणि बॉक्स झोपतो. बायकोचा यावरचा तोडगा म्हणजे बटण दुसऱ्यांदा दाबणे. मग बॉक्स उठतो आणि टीव्ही झोपतो. तिसऱ्यांदा दाबलं की ती रिमोट माझ्या मांडीवर ठेवून भाजी निवडायला जाते.

आईची अडचण वेगळी. तिने आयुष्यभर बटण दाबलं की हात खाली घेतला आहे. दिव्याचं बटण दाबून कुणी उभं राहतं का? पण मॅक्रोला सगळे हुकूम सोडायला काही सेकंद लागतात आणि तोवर रिमोटचं तोंड समोर हवं. आईचा हात खाली आला की शेवटचा हुकूम सोफ्याच्या खोळीला मिळतो. "आई, दाबलंस की तसाच समोर धरून ठेव. सगळं लागलं याची खात्री झाल्याशिवाय हात खाली करायचा नाही." तिने मान डोलावली. समजल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिंजवडीत मीटिंग चालू असताना तिचा फोन. आई कामाच्या वेळी उगाच फोन करत नाही, म्हणून घाबरून बाहेर जाऊन घेतला.

"अरे, टीव्ही लागला. मोठ्याचा निळा दिवा आला. बॉक्सवर आकडे आले. मालिका पण लागली."

"मग छान की. काय झालं?"

"कितीतरी वेळ धरून बसल्ये. आता करू का हात खाली?"