इम्प्लांट झालं की मूल आपोआप बोलतं?

गणेश चवथीपासून आमच्या फोंड्याकडच्या व्हॉट्सॲप गटांत एक निरोप फिरतो आहे: "कॉक्लियर इम्प्लांट केलं की मूल आपोआप ऐकतं-बोलतं. स्पीच थेरपी हा पैसे उकळायचा धंदा. घरात टीव्ही लावून ठेवा आणि फक्त इंग्लिश बोला." माझ्या मुलाच्या दोन्ही कानांना इम्प्लांट आहे: ऑपरेशनने आतल्या कानात बसवलेली तार आणि तिला आवाज पोचवणारा बाहेरचा प्रोसेसर. हे वाचून एखाद्या आईने थेरपी थांबवली तर, या भीतीने लिहिते आहे.

"आपोआप ऐकतं." ऑपरेशन झालं तरी जखम भरून बाहेरचा प्रोसेसर चालू करेपर्यंत काही ऐकू येत नाही. पुढे कित्येक महिने मॅपिंग, म्हणजे प्रोसेसरची मुलाच्या ऐकण्याप्रमाणे जुळणी, चालतं. आतल्या तारेवर कंपनीगणिक १२ ते २२ इलेक्ट्रोड, म्हणजे ऐकण्याच्या नसेला विजेचे इशारे देणारे बिंदू, असतात. निरोगी कानात ऐकण्याचं मुख्य काम करणाऱ्या केसपेशी सुमारे ३,५००. म्हणजे मेंदूला मिळतो तो आवाज ओबडधोबड, आणि त्याचा अर्थ लावायला त्याला शिकावं लागतं. ऐकणारं बाळसुद्धा पहिल्या शब्दाआधी वर्षभर नुसतं ऐकत असतं. आमच्या मुलांचं ते वर्ष प्रोसेसर चालू झाल्या दिवसापासून मोजायचं. जन्मतः बहिऱ्या मुलाच्या मेंदूतली ऐकण्याची वाट पहिल्या साडेतीन वर्षांत सर्वांत लवचीक असते. त्यातले सहा महिने "आपोआप"ची वाट बघण्यात कसे घालवायचे?

आमच्या घरी हे शिक्षण दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या भोंग्यापासून सुरू झालं. सकाळी भोंगा वाजला की मी कानाला बोट लावून विचारायचे, "ऐक! कोण आलं?" आणि थांबायचे. पाव आधी दाखवायचा नाही. दोन महिने काहीच घडलं नाही. मग एके सकाळी माझ्याआधी त्याचं बोट कानाकडे गेलं आणि तो दाराकडे पळाला. भोंगा त्याला दोन महिने ऐकू येतच होता. पोदेर त्याला त्या दिवशी कळला.

"टीव्ही लावून ठेवा." कौलांवर पाऊस कोसळताना आपल्यालाही समोरच्याचं बोलणं कळत नाही. प्रोसेसरवर ऐकणाऱ्याला चालू टीव्हीत तसंच होतं. शिवाय टीव्ही मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

"फक्त इंग्लिश." आजी न्हाऊ घालताना कोंकणीत बोलते, मी मराठीत. जी भाषा तोंडात रुळलेली, तिच्यातच आपण भरभरून बोलतो, आणि मुलाला भरभरून बोलणंच हवं असतं.

"पैसे उकळायचा धंदा." थेरपी आठवड्याला एक तास; मूल जागं असतं ८० तासांच्या आसपास. तो एक तास मुख्यतः आईबापांना शिकवण्यासाठी असतो. तिथेच मी सहा आवाजांची तपासणी शिकले: आ, ई, ऊ, म, श, स. रोज सकाळी त्याच्या मागे उभं राहून म्हणायचे, क्रम बदलून. जाड 'म'पासून बारीक 'स'पर्यंत बोलण्यातल्या आवाजांचा पट्टा त्यात येतो. गेल्या पावसाळ्यात एकदा 'स'ला त्याने मान वळवली नाही. मायक्रोफोनच्या जाळीत ओल धरली होती. तेव्हापासून प्रोसेसर रात्री न चुकता सुकवणीच्या डबीत जातो. ही तपासणी ठाऊक नसती, तर साखर त्याला 'आखर' ऐकू येत राहिली असती आणि आम्ही म्हणालो असतो, मूल लक्षच देत नाही.